टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात फूट ठेवावेत की मीटर?

ऐरोलीत नुकताच गट जमवून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या, पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती चालवू लागलेल्या एका डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा सूत्रधार) विचारले आहे की, पुस्तकातली सगळी मापे फूट, पौंड आणि मैलांत आहेत, तर ती मीटर, किलो आणि किलोमीटरमध्ये बदलून घ्यावीत का. त्यांच्या गटातल्या दोन महाविद्यालयीन खेळाडूंना फुटांचा नीट अंदाज येत नाही. नोकरी करणारे बाकीचे म्हणतात की घराचे क्षेत्रफळ आपण चौरस फुटांतच बोलतो, मग अडचण कसली? ५ फूट म्हणजे १.५२४ मीटर असे धरून त्यांनी एक तक्ताही बनवला होता, पण प्रत्येक हल्ल्याला कॅल्क्युलेटर काढावा लागल्यामुळे तो पहिल्याच लढाईत बाजूला पडला. ठाण्यात आणि नवी मुंबईत ज्या गटांबरोबर मी खेळ चालवतो, त्या बहुतेकांत हा प्रश्न कधी ना कधी निघालेला आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. टेबलाभोवती बसलेल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहावे आणि त्यावरून प्रत्येकाला आपला निर्णय घेता यावा, यासाठी खेळात माप असते. त्यामुळे रूपांतर करताना मापांचे एकमेकांशी असलेले प्रमाण काटेकोरपणे जपावे आणि दशांशातली अचूकता खुशाल सोडून द्यावी. ५ फूट म्हणजे १.५ मीटर, १ मैल म्हणजे १.५ किलोमीटर आणि १ पौंड म्हणजे अर्धा किलो, हे तीन आकडे एकदा ठरवून घेतले आणि कॅम्पेन, म्हणजे अनेक सत्रे चालणारी गोष्ट, संपेपर्यंत बदलले नाहीत, तर मीटरमध्ये खेळताना कोणतीही अडचण येत नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांतरांत लांबीसाठी हाच मार्ग धरलेला आहे. तिथे माणसाच्या पात्राची एका फेरीतली ३० फुटांची चाल ९ मीटर अशीच छापलेली असते.

हे प्रमाण इतके सहज का जुळते, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात अंतरे इंचांत दिलेली होती, कारण तो लहान पुतळ्यांनी टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून आलेला होता. टेबलावरचा एक इंच तळघरात १० फुटांचा आणि उघड्या मैदानावर १० यार्डांचा मानला जाई. एकाच इंचाचे दोन अर्थ असल्यामुळे गोंधळ होणे साहजिक होते. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मंत्रांचे पल्ले यार्डांत आले आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून पटावरचे एक चौकोनी घर म्हणजे ५ फूट ही पद्धत पक्की झाली. म्हणजे फूट हे काही या खेळाचे अनादी माप नव्हे. खेळाने स्वतःच आपली एकके बदलली आहेत, आणि प्रत्येक वेळी त्याला टिकवून धरले ते पटावरच्या घराने.

पटावर हे घर एक इंचाचे असते, म्हणजे एक इंच म्हणजे ५ फूट, ५ फुटांत ६० इंच, म्हणून पटाचे प्रमाण १:६० होते. आता तेच मीटरमध्ये करून पाहा. १.५ मीटर म्हणजे १५०० मिलिमीटर, त्याला ६० ने भागले की बरोबर २५ मिलिमीटर येतात, आणि बाजारात मिळणाऱ्या माणसाच्या आकाराच्या मिनीची, म्हणजे लहान पुतळ्याची, बैठक बहुधा २५ मिलिमीटरचीच असते. मिनींचा आकार तर अमेरिकी खेळांतही २८ मिलिमीटर असाच सांगतात. म्हणजे फुटांच्या पुस्तकाबरोबर खेळणारे लोकही टेबलावरचे पुतळे मेट्रिक मापानेच विकत घेत आले आहेत. १.५ मीटरचे घर ही कोणी ओढूनताणून केलेली सोय आहे असे समजण्याचे काही कारण नाही.

पट छापून घेताना मात्र इंच आणि मिलिमीटर यांतला फरक अंगाशी येऊ शकतो. आपल्याकडे सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ पट फ्लेक्सचा होतो. फ्लेक्सवाले चौरस फुटाने पैसे घेतात, त्यामुळे २ बाय ३ फुटांचा फ्लेक्स घेतला की २४ बाय ३६ घरांचा पट हातात येतो, आणि एवढ्यात एक मोठी लढाई सहज मावते. फाइल बनवताना घर २५ मिलिमीटरचे ठेवले आणि दुसरा नकाशा इंचाच्या मापाने छापलेला असला, तर ३६ घरांच्या शेवटी १४ मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त घर सरकते आणि दोन पट एकमेकांना जोडता येत नाहीत. म्हणून सर्व पटांसाठी एकच माप ठरवावे आणि दुकानातून निघण्यापूर्वी पट्टी लावून दहा घरे मोजावीत. ती २५.४ सेंटिमीटर भरली तर पट इंचाचा आहे, २५ भरली तर मिलिमीटरचा. घरच्या प्रिंटरवर अमेरिकी कागदाच्या आकाराचा नकाशा ए-फोरवर काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला तर रुंदी २१६ वरून २१० मिलिमीटरवर येते आणि प्रत्येक घर त्याच प्रमाणात आक्रसते. त्यामुळे ‘मूळ आकार’ हाच पर्याय घ्यावा, कडेची रेघ कापली गेली तरी चालेल. फ्लेक्स मॅट घ्यावा हेही जाता जाता सांगतो, कारण चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की समोर बसलेल्याला अर्धी घरे दिसत नाहीत.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. फुटांना १० ने भागावे आणि ३ ने गुणावे, एवढा एकच हिशेब डीएमच्या डोक्यात असला की पुरतो. ३० फूट म्हणजे ९ मीटर, ६० म्हणजे १८, १२० म्हणजे ३६, १५० म्हणजे ४५. लढाईतली एक फेरी ६ सेकंदांची असते. तेवढ्यात ९ मीटर चालणे म्हणजे सेकंदाला दीड मीटर, तासाला सुमारे साडेपाच किलोमीटर, म्हणजे गाडी पकडायला फलाटावरून भरभर निघालेल्या माणसाची चाल. लाँगबोचा, म्हणजे लांब धनुष्याचा, साधा पल्ला १५० फूट आणि लांबचा ६०० फूट आहे. खेळाडूंना मी तो लोकलच्या डब्यांत सांगतो. लोकलचा एक डबा साधारण वीस मीटरचा धरला, तर ४५ मीटर म्हणजे दोन डब्यांहून थोडे जास्त आणि १८० मीटर म्हणजे नऊ डबे. बारा डब्यांच्या गाडीच्या एका टोकाला धनुर्धर उभा केला, तर चौथ्या डब्यापासून पुढच्या प्रत्येक लक्ष्यावर त्याला दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो आणि दहाव्या डब्यापासून बाण मुळी पोहोचतच नाही. ठाणे स्टेशनवर रोज उभे राहणाऱ्या माणसाला हे एकदा सांगितले की पुन्हा समजावावे लागत नाही.

प्रमाण बिघडले तर काय होते, ते फायरबॉल या आगीच्या मंत्रावर सर्वांत स्पष्ट दिसते. त्याची त्रिज्या २० फूट, म्हणजे चार घरे आणि ६ मीटर. काही डीएम हिशेब सोपा व्हावा म्हणून घर २ मीटरचे धरतात आणि मंत्राची त्रिज्या मात्र भाषांतरातली ६ मीटर तशीच ठेवतात. मग त्रिज्या तीनच घरांची होते, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने कमी होत असल्यामुळे आग जिथे सोळा भाग जागा व्यापत होती तिथे नऊच भाग व्यापते. जादूगाराचा सर्वांत भरवशाचा मंत्र जवळजवळ निम्मा झाला आणि नियमांतला एक शब्दही बदललेला नाही, हे त्या खेळाडूला काही सत्रांनंतर जाणवते आणि ते त्याला खटकते. घर २ मीटरचे करायचेच असेल तर चाल, पल्ले आणि त्रिज्या सगळे २ मीटरच्या पटीत न्यावे. ते करता येते, पण मग छापील भाषांतरांचा आधार उरत नाही. जुन्या आवृत्त्यांत फायरबॉल ३३,००० घनफूट जागा भरून काढत असे आणि अरुंद बोळात आग परत फिरून टाकणाऱ्यावरच येई. ते नियम वापरणाऱ्यांनी घनमीटरच्या वाटेला जाऊच नये. १० फुटांचे, म्हणजे दोन घरे लांब, रुंद आणि उंच असे ३३ ठोकळे मोजावेत, म्हणजे कोणतेही एकक न उच्चारता उत्तर मिळते.

उंची आणि उडी यांबाबत मीटर मला फुटांपेक्षा सरस वाटतो. पडल्यावर दर १० फुटांना एक सहा बाजूंचा फासा असा नियम आहे, आणि १० फूट म्हणजे ३ मीटर, जवळपास आपल्या इमारतीचा एक मजला. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडणाऱ्याला तीन फासे, आणि इजेची कमाल मर्यादा असलेले वीस फासे म्हणजे घोडबंदर रोडवरचा वीस मजली टॉवर. धावत येऊन मारलेली लांब उडी पुस्तकात पात्राच्या सामर्थ्याच्या आकड्याइतके फूट असते, तर मीटरमध्ये दर गुणाला ३० सेंटिमीटर धरावेत. सामर्थ्य १६ असेल तर ४ मीटर ८० सेंटिमीटर. त्याआधी ३ मीटर धावायला जागा हवी, ही अट विसरू नये. सामर्थ्य २० असलेला वीर ६ मीटर उडी मारतो. माइक पॉवेलचा १९९१ चा विश्वविक्रम ८.९५ मीटरचा आहे, हे सांगितले की नियम किती हात राखून बनवला आहे ते खेळाडूंच्या ध्यानात येते.

याच उडीवरून वाशीतल्या एका गटात घडलेली गोष्ट सांगतो. तिथे मी खेळाडू म्हणून बसलो होतो. तुटलेल्या पुलाचे वर्णन करताना डीएमने “मधली फट बाराची आहे” एवढेच म्हटले. ज्याच्या पात्राचे सामर्थ्य १४ होते त्याने ते फूट समजून लगेच उडी जाहीर केली. शेजारचा खेळाडू मीटर समजला होता. त्याने दोर सोडायचे ठरवले आणि पहिल्याला अडवण्यासाठी आपली खेळीही खर्ची घातली. मग कोणी कोणती खेळी मागे घ्यायची यावर बोलणे सुरू झाले आणि पुलाखालच्या नदीचे, मागून येणाऱ्या शत्रूंचे जे दडपण त्या डीएमने छान उभे केले होते ते पार विरून गेले. दोन्ही खेळाडू आपापल्या जागी बरोबर होते. मापासोबत एकक उच्चारणे ही डीएमची रोजची सवय व्हावी असा आग्रह मी धरतो तो यासाठी.

आपण मराठी माणसे रोजच्या बोलण्यात दोन्ही पद्धती एकत्र वापरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालचा आहे आणि ती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी माणसाची उंची आपण फूट-इंचांत सांगतो, फ्लॅट चौरस फुटांत, जमीन गुंठ्यांत, प्रवास किलोमीटरमध्ये आणि वजन किलोत. त्यामुळे मी एक सीमारेषा आखून घेतली आहे. ज्या आकड्यावरून फासा पडणार आहे किंवा घरे मोजली जाणार आहेत, तो आकडा फक्त ठरलेल्या एककात सांगायचा. नुसते वर्णन असेल तिथे कानाला जे सवयीचे वाटेल ते बोलायचे. ‘साडेसहा फूट उंचीचा ऑर्क दारात उभा आहे’ हे वाक्य मीटरच्या कॅम्पेनमध्येही मी तसेच म्हणतो, कारण १९८ सेंटिमीटर म्हटल्याने कोणाच्याही मनात भीती उभी राहत नाही. मात्र तोच ऑर्क भाला फेकणार असेल तर तो ९ मीटरवर आहे असेच सांगतो.

ओझ्याच्या बाबतीत एक आक्षेप नेहमी येतो. खरा पौंड ४५४ ग्रॅमचा असताना तो अर्ध्या किलोचा धरला तर सगळे १० टक्क्यांनी जड होत नाही का? होते, पण उचलण्याची क्षमताही त्याच प्रमाणात वाढते. सामर्थ्य गुणिले १५ पौंड हा नियम सामर्थ्य गुणिले साडेसात किलो असा होतो. प्लेट चिलखत ६५ पौंडांऐवजी साडेबत्तीस किलोचे, ५० फुटांचा सुतळी दोर १५ मीटरचा आणि ५ किलोचा, आणि एका दिवसाचा शिधा १ किलोचा. पुस्तकात ५० नाण्यांचे वजन १ पौंड आहे, म्हणजे १०० नाण्यांचे १ किलो आणि एक नाणे १० ग्रॅमचे. सराफ आज ज्याला तोळा म्हणतात तेवढेच. सोन्याच्या हजार नाण्यांची पेटी उचलायची म्हणजे दहा किलो सोने पाठीवर घ्यायचे, हे तोळ्यांच्या हिशेबाने सांगितले की लुटीचा मोह आणि तिचा भार दोन्ही खेळाडूंना एकदम कळतात.

प्रवासात मैलाचे रूपांतर १.६ ने करावे असे बरेच जण सुचवतात, आणि नकाशावर काम करताना त्याचाच सर्वांत जास्त त्रास होतो. पुस्तकात दिवसाची साधारण चाल २४ मैल, जलद ३० आणि सावध १८ मैल आहे, आणि षट्कोनी नकाशावर एक घर बहुधा ६ मैलांचे धरतात, त्यामुळे दिवसाला अनुक्रमे चार, पाच आणि तीन घरे पडतात. मैलाला दीड किलोमीटर धरले की ३६, ४५ आणि २७ किलोमीटर होतात आणि घर ९ किलोमीटरचे होते. चार, पाच, तीन हे गुणोत्तर जसेच्या तसे राहते. कोणी हौसेने घर १० किलोमीटरचे केले की दिवसाला साडेतीनच्या वर काहीतरी घरे पडतात आणि प्रत्येक मुक्कामाला अपूर्णांक मागे लागतो. मुळातला तक्तासुद्धा ढोबळच आहे, कारण मिनिटाला ३०० फूट चालणारा माणूस तासाला ३.४ मैल जातो आणि पुस्तकात तिथे ३ मैलच छापलेले आहेत. ३६ किलोमीटर म्हणजे किती, हे ठाणेकराला सांगणे सोपे आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत जी पहिली गाडी धावली तिचा मार्ग ३४ किलोमीटरचा होता. खांद्यावर ओझे घेऊन रुळांच्या कडेने दिवसभर चालत मुंबई गाठायची, एवढी ती मजल.

मराठेशाहीच्या काळातले कॅम्पेन चालवणाऱ्यांना हे गणित आणखी उपयोगी पडते. कोस प्रदेशागणिक बदलत असे, पण साधारण दोन मैलांचा म्हणून तो आपल्या हिशेबाने ३ किलोमीटरचा ठरवला, तर नकाशावरचे एक घर तीन कोसांचे आणि दिवसाची मजल बारा कोसांची होते. मग घोडबंदरच्या किल्ल्याची बातमी आणणारा जासूद ‘सहा कोसांवर फौज आहे’ असे म्हणू शकतो आणि खेळाडूंना अर्धा दिवस हातात आहे हे आपोआप समजते. पात्रांच्या तोंडी कोस, हात, वीत, प्रहर, घटका हे सगळे यावे, त्यात खरी गोडी आहे, फक्त पटावर मात्र दीड मीटरचे घरच राहू द्यावे. ब्रिटिश अमदानीतल्या मुंबईत ‘कॉल ऑफ थुलू’ हा भयकथांचा खेळ खेळवायचा असेल तर मी उलट सल्ला देईन. तिथे यार्ड, मैल, शेर आणि मण तसेच ठेवावेत, कारण खेळाडूंच्या हाती पडणारे तार-टपालाचे कागद आणि रेल्वेची वेळापत्रके त्याच मापांत असतील, आणि त्या खेळात घरे मोजण्याची गरज फारशी पडतही नाही.

इतर खेळांबद्दल थोडक्यात. १९७७ पासूनचा ‘ट्रॅव्हलर’ मुळातच मीटरमध्ये आहे आणि त्यातल्या अंतराळजहाजांच्या नकाशांवरचे घरही दीड मीटरचे असते, त्यामुळे वर सांगितलेला फ्लेक्स तिथेही चालतो. ‘गर्प्स’मध्ये एक षट्कोन एका यार्डाचा आहे, तो सरळ मीटर समजावा. ‘सायबरपंक रेड’ने तर मीटर आणि यार्ड एकच मानून वाद मिटवला आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने चाल आणि पल्ले थेट घरांत दिले होते. लढाईपुरते ते मला अजूनही उत्तम वाटते, पण भिंत किती उंच आहे असे कोणी विचारले की घरांत उत्तर देणे कृत्रिम वाटते, म्हणून निव्वळ घरांवर सगळा खेळ उभा करावा असे मी म्हणणार नाही. ‘फेट’मधले विभाग किंवा ‘थर्टीन्थ एज’मधले ‘जवळ’ आणि ‘दूर’ ही अंतर न मोजण्याची वेगळीच पद्धत आहे. ती ज्या गटाला रुचते त्याला हा प्रश्नच पडत नाही.

ऑनलाइन पटावर खेळत असाल तर रोलट्वेंटीसारख्या संकेतस्थळावर पानाच्या सेटिंगमध्ये एका घराचे अंतर १.५ आणि एकक मीटर असे बदलता येते. तेवढ्यावर थांबू नये. टोकनच्या, म्हणजे पात्राच्या सोंगटीच्या, दृष्टीचा आकडा ६० असाच राहिला तर अंधारात बारा घरे पाहणारा ड्वार्फ ६० मीटर, म्हणजे चाळीस घरे पाहू लागतो आणि तळघराचा अर्धा नकाशा पहिल्याच क्षणी उघडा पडतो. दृष्टी, मशालींचा उजेड आणि मंत्रांचे साचे हे तीनही तपासूनच सत्र सुरू करावे.

ऐरोलीच्या गटासाठी माझा सल्ला मीटरचा आहे, कारण तिथल्या ज्या दोघांना अडचण आहे त्यांची अडचण खरी आहे आणि बाकीच्यांना मीटर परका नाही. बदल चालू लढाईत किंवा मोहिमेच्या मध्यात करू नये. पात्रांची पातळी वाढते त्या सत्राआधी करावा, कारण तेव्हा कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या नोंदींचा कागद, तशीही खोडून पुन्हा लिहिली जाते. चाल, शस्त्रांचे पल्ले, अंधारातली दृष्टी, उडी आणि ओझे या पाच नोंदी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने, मीटर-किलोत लिहाव्यात. डीएम आपल्यापुढे आडोशाला उभा करतो त्या पडद्याच्या आतल्या बाजूला ५, १०, ३०, ६०, १२० आणि १५० फुटांची रूपांतरे लिहिलेली एक पट्टी चिकटवावी, म्हणजे इंग्रजी पुस्तकातला मंत्र वाचताना थांबावे लागणार नाही. १.५२४ चा तक्ता काढून टाकावा. आणि ज्याला अजूनही फुटांतच विचार करायचा आहे त्याला तो मोकळेपणाने करू द्यावा. त्याने आपली घरे मोजावीत आणि पल्ला मोठ्याने सांगताना तेवढा मीटरमध्ये सांगावा.